मुराळी

५ जानेवारी

आलो एकदाचे! बाबा, मी, दोन ट्रंका, एक गादी आणि बाबांचं शिलाई मशीन. टेम्पोवाला येताना रस्ताभर तोंड फुगवून बसला होता. मशीन कुठल्याच मजल्यावर चढवायचं नाही हे कळल्यावर स्वारी इतकी खूश झाली की गादीसुद्धा त्यानेच आत नेऊन टाकली. तो गेल्यावर बाबा म्हणाले, अडतीसच्या माणसाने छत्तीसचा शर्ट घातल्यावर चिडचिड होणारच. जन्मभर शिंपीकाम केलेल्या माणसाला माणसं दिसतच नाहीत, मापं दिसतात.

दोन खोल्या आहेत, स्वच्छ, उजेडाच्या. ओट्यावर खिडकी, खिडकीतून फरसबंद अंगण, अंगणापलीकडे प्रयोगशाळेची दुमजली इमारत. खाली आमचं काम, वर बाईंचं घर. बाई म्हणजे माझ्या नव्या साहेब. समोरचा रस्ता बसच्या डेपोपाशी संपतो, त्यामुळे इथे वाट चुकलेलाच माणूस येत असावा. दिवसा इतकं शांत आहे की पलीकडच्या गॅलरीत कुणी कपडे झटकले तर इथे ऐकू येतं.

आणि जिना नाही! बाबांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून चरबीने इतक्या अरुंद झाल्यात की चार पायऱ्या चढले तरी हात छातीवर जातो. जुनं घर तिसऱ्या मजल्यावर. तिथे ते खिडकीत बसून राहायचे आणि म्हणायचे, ठकू, आता खाली उतरेन तो चौघांच्या खांद्यावरूनच. ठकू म्हणजे मी. लहानपणी त्यांच्या मशीनखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या, ठक्या करायचे, म्हणून ठकू. आई गेल्यापासून या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस उरलंय.

मुलाखत मजेशीर झाली होती. इस्पितळात रक्त तपासण्यात माझी एवढी वर्षं गेली, त्याबद्दल बाईंनी एक अक्षर विचारलं नाही. घरी कोण, तब्येती कशा, एवढंच. बाबांचं ऐकल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि राहायची जागापण देते म्हणाल्या. बाबांच्या मते बाई मायाळू आहेत. मला त्या हिशेबी वाटल्या, पण बाबांना बरं वाटत असेल तर मायाळू म्हणायला माझं काय जातं!

९ जानेवारी

काम अंगवळणी पडतंय. इथे लिहून ठेवते, म्हणजे बाबांना समजावताना गडबड होणार नाही.

आपल्या रक्तात काही पांढऱ्या पेशी असतात, त्यांचं काम कचरा खाण्याचं. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साचली की त्या तिथे शिरतात आणि खात सुटतात. खाल्लेलं बाहेर टाकता आलं नाही की फुगतात, फेसाळतात, तिथेच मरून पडतात आणि वाहिनी बुजत जाते. बाबांच्या छातीत हेच चाललंय. पण रक्तात काही प्रथिनं अशीही असतात की ती या पेशींच्या दाराशी जातात, आतली चरबी उचलतात आणि यकृताकडे पोचवतात. कुणाची प्रथिनं कामसू, कुणाची आळशी. आम्ही काचेच्या बशीत पेशी वाढवतो, त्यांना चरबी चारतो, आणि मग निरनिराळ्या माणसांच्या रक्ताचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहतं ते निवळ पाणी, घालून बघतो.

इथे माझ्याशिवाय एकच सहकारी कामाला आहेत. त्यांना बाईसुद्धा वहिनीच म्हणतात. काडीसारख्या बारीक, कायम हसऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला इथली भाषा शिकवली. फुगलेली पेशी म्हणजे सासर. आत अडकलेली चरबी म्हणजे लेक. यकृत म्हणजे माहेर. आणि माहेराहून लेकीला न्यायला येणारं प्रथिन म्हणजे मुराळी! मला हसू आवरेना. हल्लीच्या मुली आपलं तिकीट आपण काढून माहेरी जातात. मुराळी हा शब्द आजीनंतर मी पहिल्यांदाच ऐकला. ही नावं कुणी पाडली विचारलं तर वहिनी म्हणाल्या, आमच्या ह्यांनी.

वहिनींचे हे माझ्या आधी माझ्याच टेबलावर काम करायचे. आता वर असतात, आक्कांच्या सोबतीला. आक्का ही बाईंची थोरली बहीण, बऱ्याच वर्षांची आजारी. खाल्लेलं काही अंगी लागत नाही म्हणे. त्यांचं रक्त दर सोमवारी बाई स्वतः काढून खाली आणतात, वर दुसऱ्या कुणी जायचं नाही.

नवऱ्याचं नाव न घेणारी बाई बऱ्याच दिवसांनी भेटली. वहिनींना बाकीचीही नावं आठवत नाहीत. ते हे दे गं, त्या ह्यात ठेव, असं चालतं. मी आपली अंदाजाने हातात वस्तू देते.

१९ जानेवारी

आज स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही.

चरबी दिसावी म्हणून आम्ही पेशींना एक लाल रंग देतो. तो चरबीलाच चढतो. काळ्या पडद्याच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की फुगलेल्या पेशी लाल टिपक्यांनी गच्च भरलेल्या दिसतात. साधं सीरम घातलं की टिपके थोडे विरळ होतात. आज मी पहिल्यांदा आक्कांचं सीरम घातलेली बशी बघितली. एकही टिपका नाही! मी रंगच विसरले असं वाटून परत रंग दिला. नाही. घरातलं सगळं सामान रात्रीतून कुणी हलवावं तशा पेशी रिकाम्या.

मग शेजारच्या ताटलीतला रक्तवाहिनीचा तुकडा पाहिला. शस्त्रक्रियेत काढलेला, आतून पिवळ्या गाठींनी भरलेला असा तो आला होता. आता आतून लख्ख. बाबांची वाहिनी अशी झाली तर, हे मनात आल्यावाचून राहिलं नाही. खोटं कशाला लिहू, डोळे भरून आले.

एकच गोष्ट खटकते. पेशीतून निघालेली चरबी बशीतल्या पाण्यात सापडायला हवी. बशीत यकृत थोडंच आहे? मुराळी लेकीला घेऊन उंबऱ्याबाहेर उभा असला पाहिजे. पण पाण्यात चरबीचा मागमूस नाही. माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून पुन्हा सगळं केलं, तेच. वहिनींना सांगितलं तर टाळी देऊन म्हणाल्या, गेली माहेरी! मीही हसले.

हात धुताना लक्षात आलं, टेबलावरची माझी क्रीमची डबी रिकामी आहे. कालच उघडली होती. तळाशी पांढरी भुकटी तेवढी राहिलीय. वहिनींनी लावली असेल. त्यांच्या हातांची सालं निघतात, बिचाऱ्या.

२६ जानेवारी

बाबांना शल्यविशारदांकडे नेलं होतं. पंचेचाळिशीतले, घाईतले गृहस्थ. शस्त्रक्रिया झेपणार नाही, औषधं चालू ठेवा, जपा, म्हणाले. किती जपायचं आणि किती दिवस, हे मी विचारलं नाही. बाबांनीच विचारलं. डॉक्टर पुढची फाईल उघडायला लागले, तेव्हा बाबा त्यांच्या कोटाकडे बघून म्हणाले की डावा खांदा उतरलाय, आत पॅड घालून घ्या. बाहेर आल्यावर मी रडले, ते नाही.

घरी येऊन बाबा अंगणात बसले आणि वरच्या गॅलरीतलं वाळत घातलेलं धुणं बघत राहिले. थोड्या वेळाने मला बोलावून विचारलं, वर बायका किती राहतात? मी म्हटलं, बाई आणि आक्का. बाई दिवसभर साडीत असतात, म्हणजे गाऊन आक्कांचे. बाबांनी मान हलवली. म्हणाले, तो कडेचा आहे तो दहा वर्षांच्या पोरीला होईल. मधला तुझ्या मापाचा. आणि हा नवा, ह्याच्यात मी आणि तू मिळून मावू. एका बाईचे कसे असतील?

मी म्हटलं, आजारात सूज येत असेल. शिंपी माणसाला तेवढ्याने पटलं नाही. सूज अशी सगळीकडून सारखी चढत नाही, म्हणाले.

३० जानेवारी

केलं. आता लिहून टाकते, नाहीतर छाती फुटेल.

आक्कांच्या सीरमची एक नळी शीतकपाटात अगदी पुढे ठेवलेली होती. एरवी बाई ती मागे, कुलपाच्या कप्प्यात ठेवतात. मी ती एप्रनच्या खिशात घातली आणि दुपारच्या सुट्टीत घरी आले. बाबांना सांगितलं, नवीन इंजेक्शन आहे. ते म्हणाले, तू देतेस म्हणजे बरोबरच असणार. असं त्यांनी म्हणायला नको होतं.

जन्मात कुणाच्या शिरेत सुई चुकवली नाही मी. आज दोनदा चुकली. सुई काढताना बाबांनी हात झटकला आणि ती माझ्या बोटात गेली. एक थेंब. धुऊन टाकलं.

हे चोरी आहे, आणि चोरीपेक्षा वाईट आहे हे कळतं मला. पण त्या डॉक्टरांचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. मुराळी कुणाचाही असो, काम तेच करणार ना? बाबांच्या वाहिनीतून उचलणार, बाबांच्या यकृतात नेऊन सोडणार.

११ फेब्रुवारी

बाबा चालतात! डेपोपर्यंत जातात आणि धाप न लागता परत येतात. आज प्रयोगशाळेच्या जिन्याच्या पाच पायऱ्या चढून दाखवल्या आणि वरून मला सलाम ठोकला. मी खाली उभी राहून ओरडत होते, उतरा आधी! ते हसत होते. किती दिवसांनी हसले.

मशीनला तेल घालून माझ्यासाठी ब्लाउज शिवायला घेतलाय. टेप लावायची गरज नाही त्यांना. लांबूनच बघितलं, छाती चौतीस, म्हणाले. शिवणीच्या आत नेहमीप्रमाणे भरपूर माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवलीय. बाजारू शिंपी कापड वाचवायला आत माया ठेवत नाहीत, मग माणूस जरा बदललं की कपडा फुकट, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आज पुन्हा ऐकलं आणि अजिबात कंटाळा आला नाही.

मी चोर असेन तर असेन.

१९ फेब्रुवारी

बाबा वाळलेत. आधी वाटलं चालण्याने. पण आज सदरा घातला तर आतमध्ये माणूस आहे की नाही कळेना. भूक उत्तम आहे. सकाळी पावाला लोणी लावून दिलं, बशी खाली ठेवून वळले तर पाव कोरडा. त्यांनी अजून हातसुद्धा लावला नव्हता. बशीजवळ त्यांचा हात होता, बस.

ब्लाउज अर्धवट पडलाय. बाबा मशीनपुढे बसले होते, हातात कात्री, आणि कात्रीकडे बघत होते. मला म्हणाले, हे ते हे आहे ना, कापायचं? मी म्हटलं, कात्री. हां, कात्री, म्हणाले, आणि लाजले.

ते हे. ही लकब मी कुणाच्या तोंडी ऐकते ते मला ठाऊक आहे.

या सोमवारचं आक्कांचं सीरम पांढरंफटक होतं, वर सायीसारखा थर. माणसाने पोटभर तळकट खाल्लं की असं दिसतं. मी बाईंना तसं म्हटलं. बाई म्हणाल्या, छे गं, आक्का नुसती पाण्यावर आहे.

२२ फेब्रुवारी

दुपारी बाबा झोपले असताना त्यांच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं. लाल रंग दिला. काळ्या पडद्याच्या खोलीत बसले.

कुठेच लाल नाही. टिपके जाऊ देत. पेशीची स्वतःची भिंतही चरबीचीच असते. ती फिकट गुलाबी दिसतेच दिसते. बाबांच्या पेशींना ती नव्हती. भिंत नाही, आणि तरी पेशी आपली जागा धरून उभ्या. हे होऊ शकत नाही. माझ्या सगळ्या शिक्षणात हे कुठे बसत नाही.

मेंदूत काय असतं ते मला माहीत आहे. पाणी सोडलं तर बहुतेक चरबीच. प्रत्येक मज्जातंतूवर चरबीचं वेष्टन असतं. आठवणी त्याच्यातूनच फिरतात.

वहिनींना पडद्यामागे ओढलं आणि विचारलं, तुमच्या ह्यांचं नाव काय? त्या हसल्या. मी हात सोडला नाही. म्हटलं, लाजू नका, एकदाच सांगा. हसू हळूहळू गेलं. ओठ हलवून बघितले त्यांनी. मग डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, आठवत नाही गं. कधीपासूनच आठवत नाही. आक्कांना माहीत आहे.

मी समजत होते की ही जुन्या वळणाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही.

२३ फेब्रुवारी

बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, हाकलतील, पोलिसांना बोलावतील. त्या शांतपणे चहा गाळत होत्या. म्हणाल्या, नळी मीच पुढे ठेवली होती.

मी विचारलं, बाबांची चरबी जाते कुठे? त्या माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघत राहिल्या. म्हणाल्या, एवढे दिवस तो शब्द वापरतेस, अर्थ नाही कळला? मुराळी कुणाच्या घरी नेतो? ज्या घराने धाडलाय त्याच ना? तुझ्या बाबांच्या यकृताशी त्याचा काय संबंध?

मग कपात साखर ढवळत म्हणाल्या, आक्काच्या काही अंगी लागत नव्हतं. कातडीतून हाडं मोजता यायची. मी तिच्या हातून लहानाची मोठी झाले, मी काय बघत बसू? आता लागतंय अंगी.

मी ओरडले, उतारा द्या. त्या म्हणाल्या, उतारा नाही. पण काही हरवत नाही गं, सगळं वर नीट आहे. आणि माझं बोट हातात घेऊन निरखलं. सुईची खूण राहिली नाही तरी त्यांना बरोबर तेच बोट कसं सापडलं?

२५ फेब्रुवारी

बाबांना घेऊन निघाले. दुसरीकडे कुठेही. डेपोत पहिली लागलेली बस धरली. खिडकीत बसवलं, शाल पांघरली. बस हलली आणि बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, बाई, तुम्ही कोण?

मी म्हटलं, बाबा, मी ठकू. त्यांनी नाव तोंडात घोळवून बघितलं. नाही, म्हणाले. मग लहान मुलासारखे रडायला लागले, मला कुठे नेता, मला माहेरी जायचंय. सत्तरीचा पुरुष भर बसमध्ये माहेरी जायचं म्हणून रडतो, आणि कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. कंडक्टरने बस थांबवली आणि आम्हांला उतरवलं.

परतताना पुढे तेच चालले. मला वाट दाखवत.

१ मार्च

दार लावून ठेवते. ते दारापाशी उभे राहतात, चपला घालून. ओरडत नाहीत, रागवत नाहीत. नुसते उभे.

माझा जुना ब्लाउज सैल होतोय. पिना लावते.

आज बाबांना सांगायचं होतं, ते — भिंतीवरचं — आपण वेळ बघतो ते — आठवायला सकाळ गेली. घड्याळ. घड्याळ घड्याळ घड्याळ.

४ मार्च

बाबा वर गेले. मी दूध उतू जातंय म्हणून आत वळले, तेवढ्यात कडी काढली. दूध उतू गेलं नव्हतं. निळसर पाणी झालं होतं, साय नाही, काही नाही.

अंगणातून बघितलं. जिना चढत होते. छातीवर हात नाही, दम नाही, मध्ये थांबणं नाही. कागद उडत जावा तसे. मागे वळून सलाम — नाही ठोकला.

६ मार्च

वर गेले होते. भर सकाळी. दार उघडंच.

मोठी खोली, ऊन आलेलं. भिंतीला लागून खुर्च्या. खुर्च्यांत माणसं, खुंटीवर टांगलेल्या कपड्यांसारखी. एक वहिनींचे हे असणार. शेवटच्या खुर्चीत बाबा. मी पुढे बसले, गुडघ्यांवर डोकं ठेवलं. माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघावं तसं.

मग मागून हाक आली. ठकू.

आक्का पलंगावर. किती मोठ्या. गोऱ्या, तुकतुकीत, गालांना लाली. माझ्याकडे लांबूनच बघितलं आणि म्हणाल्या, किती वाळलीस गं ठकू, बत्तिसावर आलीस. तो ब्लाउज तसाच ठेव, आत माया सोडलीय मी.

आवाज बायकी. पण मान तिरकी करून एक डोळा बारीक करणं — माप घेताना — ते बाबांचं.

मशीनखालच्या ठक्या आठवतात त्यांना. आईने मला दिलेली शेवटची — सगळं. खुर्चीतल्या बाबांना मी आठवत नाही. जिला आठवते ती पलंगावर आहे. मी तिच्या मांडीत डोकं खुपसून रडले. ऊबदार होती. शिंप्याच्या खडूचा वास येत होता.

खाली कशी आले? जिवाचा धडा करून पळाले एवढं —

१० मार्च असावी

वहिनी आज वर गेल्या. हसत. मला म्हणाल्या, ये गं लवकर, ते हे.

मला ते हे म्हणाल्या.

जाऊ नये. इथून निघून जावं. बस असते तिथे, मोठी जागा, ती — पायांत बळ आहे, हलकी आहे, पळू शकेन. पण गेले तर बाबा —

बाबा कुठे आहेत पण? खुर्चीत? की —

तारीख

ऊन आहे. वर नवा गाऊन वाळत घातलाय. अंगणभर सावली.

लिहून ठेवते. मी. बाबांची मुलगी. बाबा कपडे — शिवतात. आत सोडतात ते — जास्तीचं — प्रेमाचं — शब्द होता एक.

त्यांनी मला नाव ठेवलंय. दोन अक्षरं. मागच्या पानांत लिहिलेलं असणार, उलटून बघायला —

बाई दारात आल्यात. न्यायला. हात पुढे केलाय.

नाही जायचं मला. नाही —

वरून हाक. तेच नाव. मला आठवत नाही पण ऐकलं की कळतं, हो, तीच मी. कुणीतरी ओळखतंय मला. अजून एक माणूस जगात —

आले. आले हं. आले बा